गाळलेली ओळ

वर्ग तपासायला येणाऱ्या माणसाचं मनापासून स्वागत जगात कुठेच होत नाही. खुर्ची पुसून मिळते, पाण्याचा ग्लास पुढे येतो, ‘या, या’ होतं, आणि आतून प्रत्येकाला वाटत असतं की ही पीडा एकदाची टळू दे. तिला याची इतकी सवय झाली होती की कोणी खरोखरच हसून स्वागत केलं तर तिला संशय यायचा. पण त्या शनिवारी सकाळी जिना चढताना तिचेच पाय जड झाले होते, कारण आज जो वर्ग तपासायचा होता तो तिच्या सरांचा होता.

संस्था मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायची. खालच्या वर्गात नुकती सुरुवात करणारे, आणि सगळ्यात वर सरांचा वाचनाचा वर्ग. इथे येणारी माणसं इंग्रजी बोलत होती, त्यात भांडत होती, नोकऱ्या करत होती. फक्त पानभर छापील मजकूर समोर आला की त्यांची बोबडी वळायची. ती अडचण सरांनी सोडवायची आणि वर्षअखेरीस त्यांना परीक्षेला बसवायचं. परीक्षेपलीकडे कोणाची बढती अडकलेली, कोणाचा परवाना.

साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, “त्यांच्या नावावर एक वाईट शेरा आधीच आहे. तेच तेच उतारे शिकवतात म्हणून. दुसरा तसाच आला की वर्ग काढून घ्यावा लागेल. तुमचे गुरुजी ना ते? म्हणून तर तुम्हाला पाठवतोय. उद्या कोणी म्हणायला नको की आपण आकसानं केलं.” साहेबांची ही जुनी तऱ्हा. वाईटपणा घ्यायची वेळ आली की त्यांना दुसऱ्याचा हात लागतो.

तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं की सरांना वाचवायचं. सरांना बायको नव्हती, मुलंबाळं नव्हती, भावाशी अबोला होता. होता तो हा वर्ग. तो काढून घेतला तर हा माणूस दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि तेच तेच उतारे? सर? ज्या सरांनी तिच्या वेळी बसच्या तिकिटावरून, साबणाच्या वेष्टणावरून, विजेच्या बिलाच्या मागच्या बाजूवरून धडे घेतले, ते? तेव्हा ती विशीतली होती आणि धापा टाकत वाचायची. वाक्य संपलं तरी थांबायची नाही. सरांनी तिचं नाव ठेवलं होतं ‘घाईबाई’. “घाईबाई, पूर्णविराम हा काय माशी बसलीय कागदावर? थांब तिथं.” आणि सरांची एक बढाई ठरलेली असायची: “मला छापलेला कुठलाही कागद द्या. औषधाच्या खोक्यातली घडी द्या. तिच्यावर तासभर शिकवून दाखवतो.”

तीच घडी तिनं आज आणली होती. स्वतःच्या सर्दीच्या गोळ्यांच्या खोक्यातली, बारीक टाइपात इंग्रजी माहिती छापलेली. वर्गासाठी जशाच्या तशा प्रती काढल्या होत्या. सर नवीन उताऱ्यावर शिकवतील, आपण डोळ्यांनी पाहू, आणि आधीच्या निरीक्षकाचा शेरा खोटा पाडू. आपल्या या युक्तीवर ती मनातून चांगलीच खूष होती.

दार उघडून ती आत पाऊल टाकते न टाकते तोच सर म्हणाले, “घाईबाई! अगं, पावलंसुद्धा तीच की तुझी. जरा म्हणून दम नाही.”

तिला भरून आलं. इतक्या वर्षांनी नुसत्या पावलांवरून ओळखलं. सर वाळले होते, केस पांढरे झाले होते, पण आवाज तोच खणखणीत. हसताना ते तिच्याकडे न बघता तिच्या खांद्यापलीकडे बघत होते. वय झालं की माणूस लाजतो थोडा, असं तिला वाटलं.

“सर, आज जुनी पैज लावायचीय,” ती म्हणाली आणि घडी त्यांच्या हातात दिली.

सरांनी ती बोटांत धरली, अंगठ्यानं चोळली. कागदाची कुरकुर ऐकली. त्यांचा चेहरा एकदम उजळला, आणि लगेच काहीतरी त्याच्यावरून सरकून गेलं. “औषधाची घडी,” ते म्हणाले. “विसरली नाहीस तू.”

“कशी विसरेन?”

“बस मागे. आणि तोंड बंद. नियम आहे ना तुमचा तो?”

नियम होता. निरीक्षकानं सगळ्यात मागे बसायचं, काही झालं तरी बोलायचं नाही, मान डोलवायची नाही, हसायचं नाही. वर्ग संपल्यावर शिकणाऱ्यांशी चार शब्द, मग तिथल्या तिथं शेरा लिहायचा, शिक्षकानं तो वाचून सही करायची. ती मागच्या खुर्चीवर बसली. वर्गाची शिस्त बघून तिला बरं वाटलं. सगळ्या खुर्च्या सरळ रेषेत, मधली वाट मोकळी, एकाही बाईची पर्स जमिनीवर नाही. मोठ्या माणसांच्या वर्गात इतकं नीटनेटकं काही कधी दिसत नाही.

सरांनी सुरुवात जुन्या उताऱ्यानं केली, हात मोकळा करायला म्हणून. पुढच्या रांगेतला ड्रायव्हर उठला. हा दिवसभर मोठी गाडी हाकणारा, मानेचा, पोटाचा भक्कम माणूस. त्यानं पुस्तक उघडलं आणि धडाधड सुरू केलं.

सरांनी मान तिरकी केली, डोळे मिटले. दोन वाक्यं ऐकली. “थांब रे. तू वाचत नाहीयेस. तू सांगतोयस.”

“वाचतोय की सर.”

“पाठ झालंय तुला. वाचणाऱ्याचा श्वास कागदावरची ओळ संपते तिथं जरासा अडतो, डोळे पुढची ओळ शोधतात ना, म्हणून. सांगणाऱ्याचा श्वास त्याला वाटेल तिथं अडतो. मला कोणी फसवू शकत नाही यात. बघ पुस्तकात आणि वाच.”

ड्रायव्हर ओशाळून हसला, वर्गही हसला. ती मागे बसून नियम मोडत गालातल्या गालात हसली. असा कान असलेल्या माणसाला काढून टाकायचं म्हणतात लेकाचे!

मग प्रती वाटल्या गेल्या. बारीक अक्षर बघून वर्गात ‘अरे देवा’ झालं. सर टेबलाला टेकून उभे राहिले, स्वतःची घडी त्यांनी उघडलीही नाही. “घाबरू नका. औषधाचा कागद हा सगळ्यात प्रामाणिक मजकूर. त्याला तुमचं मन राखायचं नसतं. वर काय असेल सांगा? न वाचता सांगा.” एकानं नाव सांगितलं, एकानं कशासाठी घ्यायचं ते. सर प्रश्न विचारत गेले, उत्तरं जोडत गेले. कोणी एखाद्या शब्दाला अडलं की म्हणायचे, “अक्षरं सांग मोठ्यानं, सगळ्यांना कळू दे.” आणि अक्षरं ऐकून अर्थापर्यंत अलगद घेऊन जायचे. फळ्यावर लिहायची वेळ आली की ड्रायव्हर उठून लिहायचा. खडूच्या धुळीनं सरांना खोकला होतो म्हणे. सगळं कसं छान चाललं होतं. तरी तिच्या मनात पहिल्यांदा काहीतरी टोचलं. सरांच्या हातातली घडी अजून मिटलेलीच होती.

“आता कसं द्यायचं, किती द्यायचं तो भाग,” सर म्हणाले. “सिस्टर, हा तुमच्या कामाचा. वाचा.”

खिडकीजवळची बाई उठली. ती वृद्धाश्रमात कामाला होती. आजी-आजोबांना वेळच्या वेळी गोळ्या देणं हीच तिची नोकरी, आणि परीक्षा पास झाली तर तिला पूर्ण मजल्याचं काम मिळणार होतं. तिनं कागद डोळ्यांजवळ धरला आणि सावकाश वाचू लागली. त्या जागी कागदावर तीन लहान ओळी होत्या, मराठीत सांगायचं तर अशा. पहिली: ही गोळी वयस्कर रुग्णांना. दुसरी: अजिबात देऊ नये. इतरांना. तिसरी: सकाळ-संध्याकाळ एकेक द्यावी.

सिस्टरनं पहिली ओळ वाचली, श्वास घेतला, आणि तिची नजर एक ओळ सोडून खाली उतरली. ही गोळी वयस्कर रुग्णांना सकाळ-संध्याकाळ एकेक द्यावी.

वाक्य गुळगुळीत झालं होतं. ऐकणाऱ्याच्या कानाला कुठे खडा लागला नाही.

“शाब्बास!” सर म्हणाले. “एकदम स्वच्छ. ओळीपाशी श्वाससुद्धा घेतलात. याला म्हणतात वाचणं.”

वर्गात कोणी हललं नाही. प्रत्येकाच्या हातात कागद होता, प्रत्येकाला ती मधली ओळ दिसत होती. ड्रायव्हरनं बोट त्या ओळीवर ठेवलं आणि तसंच राहू दिलं. सिस्टर उभीच होती. तिच्या कपाळावर आठी आली, ओठ एकदा उघडले आणि मिटले. मग एकेक मान मागे वळली. सगळा वर्ग तिच्याकडे, निरीक्षकाकडे, बघत होता. त्या नजरांत चुकीची लाज नव्हती. त्या नजरा गयावया करत होत्या.

तेव्हा तिला कळलं. पावलांवरून ओळखणं, खांद्यापलीकडे बघणं, मिटलेली घडी, अक्षरं मोठ्यानं सांगायला लावणं, ड्रायव्हरच्या हातातला खडू, मोकळी ठेवलेली वाट. सरांना दिसत नव्हतं. आणि तिनं, त्यांच्या घाईबाईनं, जगातला सगळ्यात बारीक टाइप शोधून त्यांच्या हातात दिला होता.

ती बोलली नाही. नियम होता. नियमाच्या आड लपणं इतकं सोपं तिला याआधी कधी वाटलं नव्हतं, आणि इतकी स्वतःची शिसारीही कधी आली नव्हती.

तास संपला. सर टेबलाशीच थांबले. बाकीचे उठले, आणि जाताना प्रत्येकानं आपली खुर्ची आत सरकवून रेषेत लावली. ती त्यांच्यामागोमाग व्हरांड्यात गेली आणि दार लोटून घेतलं.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

ड्रायव्हरनं इकडे तिकडे बघितलं. “आम्ही आलो तेव्हापासून थोडं होतं. आता पार गेलंय. पण बाई, त्यांना वाटतं आम्हाला माहीत नाही. ते लपवतात, आम्हीही लपवतो. चाललंय.”

“चाललंय? मागच्या परीक्षेचं काय झालं?”

“झाडून सगळे आपटलो.” त्यानं खाली मान घातली. “त्यांना पाठ असलेले तेवढेच उतारे होतात ना. आम्हालाही पाठ झाले. परीक्षेत आला भलताच.”

“मग वर्ग बदलून का नाही मागितला?”

“आणि सरांना काय सांगायचं?” तो एकदम चिडून म्हणाला. “माझा बाप गेला तेव्हा हा माणूस माझ्या घरी येऊन बसला होता, बाई. शोधत शोधत आला होता. आम्ही दुसऱ्यांदा बसू परीक्षेला. तिसऱ्यांदा बसू. तुम्ही फक्त चांगलं लिहा.”

सिस्टर भिंतीला टेकून उभी होती. तिची कामावर जायची वेळ झाली होती, तरी ती निघत नव्हती. “मला कळलं होतं,” ती हळूच म्हणाली. “ओळ गाळली ते. ते शाब्बास म्हणाले तेव्हाच कळलं. पुन्हा वाचलं असतं तर तुमच्यासमोर त्यांची शोभा झाली असती.” ती थोडी थांबली. “पण बाई, कामावर कधीतरी न कळता गाळली तर? तिथं कोण सांगणार मला? मला रात्री झोप लागत नाही या भीतीनं.”

सिस्टर आपली पिशवी छातीशी धरून जिना उतरून गेली, आणि तिच्यामागोमाग बाकीचे.

ती एकटीच परत आत आली, मागच्या खुर्चीवर बसली आणि लिहू लागली. चांगलं लिहावं असं किती वाटत होतं! दोन ओळींचं काम होतं. साहेबांनी वाचलंही नसतं. पण तिला त्या वृद्धाश्रमातली एक खाट दिसत होती, खाटेवरचं एक म्हातारं तोंड, गोळीसाठी विश्वासानं उघडलेलं. शेवटी तिनं जे पाहिलं ते लिहिलं.

“झालं?” सर म्हणाले. “दाखव बघू.” त्यांनी हात पुढे केला, कागद घेतला, डोळ्यांसमोर धरला. खिसे चाचपले. “हात्तिच्या, चष्मा घरी राहिला. तूच वाच.”

ती टेबलाजवळ गेली. कागद परत घेतला. आणि वाचू लागली. “शिक्षकांचा वर्ग अतिशय जिवंत आहे. नवीन उतारा त्यांनी सहज हाताळला. शिकणाऱ्यांची प्रगती चांगली दिसते. वर्ग त्यांच्याकडेच ठेवावा.” एकही अक्षर त्यातलं कागदावर नव्हतं.

सरांनी मान तिरकी केली होती. डोळे मिटले होते.

“तू वाचत नाहीयेस, घाईबाई,” ते म्हणाले. “तू सांगतेयस.”

बाहेर रस्त्यावर कोणीतरी सारखा हॉर्न वाजवत होतं. तिनं कागद खाली केला.

“म्हणजे तुला कळलं,” सर म्हणाले. त्यांनी चेहरा तिच्याकडे वळवला, मग जरा बाजूला फिरवला. “मधलं सगळं गेलंय. कडा तेवढ्या उरल्यात. तुझ्याकडे बघतो तेव्हा तू नसतेस. बाजूला बघितलं की थोडी दिसतेस. पोरांना नाही कळलेलं अजून. तेवढं सांभाळलंय मी.” ते खुर्चीवर बसले. “आता वाच. जे लिहिलंयस ते.”

“सर, नको.”

“वाच म्हणतो ना.”

तिनं वाचलं. “शिक्षकांना मजकूर दिसत नाही पाठ असलेले उतारेच ते शिकवतात नवीन उतारा वाचताना...”

“पूर्णविराम होता ना मधे? दोन होते. पुन्हा.”

“शिक्षकांना मजकूर दिसत नाही.” ती थांबली. “पाठ असलेले उतारेच ते शिकवतात. नवीन उतारा वाचताना एका विद्यार्थिनीने औषधाच्या सूचनेतील महत्त्वाची ओळ गाळली. शिक्षकांनी तिला शाब्बास म्हटले.”

सर ताडकन उठले. खुर्ची मागे भिंतीवर आपटली. “कोणती ओळ?”

तिनं सांगितलं.

“म्हाताऱ्यांना देऊ नये? आणि ती दोन वेळा द्यावी म्हणाली? आणि मी शाब्बास...” त्यांनी टेबल चाचपलं, जणू जाऊन आपणच तिला गाठणार होते. “अगं, ती वृद्धाश्रमात आहे! बघत काय बसलीस? पळ, फार लांब गेली नसेल अजून. घाई कर!”

उभ्या आयुष्यात सरांनी तिला पहिल्यांदाच घाई करायला सांगितलं होतं. ती जागची हलली नाही.

“घाईबाई!”

“सर, तिला माहीत आहे.” आता मागे फिरायला वाट नव्हती. “ओळ गाळल्याचं तिला तेव्हाच कळलं होतं.”

“मग बोलली का नाही?”

सरांचा हात टेबलावर तसाच पसरलेला होता. त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जागच्या जागी बसताना तिला दिसत होती, आणि ते बघणं तिला सोसवत नव्हतं.

“आणि बाकीचे?” त्यांनी विचारलं. “कागद सगळ्यांच्या हातात होता.”

“हो सर.”

“माझं सगळ्यांना माहीत आहे?”

“हो.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून, सर.”

ते हळूहळू खाली बसले. मग म्हणाले, “मला वाटायचं, वर्ग फार चांगला जमलाय यंदा. कोणी चुकतच नाही.” त्यांनी हसायचा प्रयत्न केला, ते काही जमलं नाही. “मी त्यांचं नुकसान केलं गं. आणि त्यांनी ते चुपचाप होऊ दिलं.”

“तुमच्यावर जीव आहे त्यांचा.”

“तेच तर,” सर म्हणाले. “सही कुठे करायची?”

तिनं त्यांचं बोट धरून कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर टेकवलं. त्यांनी सही केली. जुनीच, वळणदार, शेवटी टिंब देऊन. फक्त सहीची शेपटी कागदाबाहेर जाऊन टेबलावर उमटली.

“शेरा नीट लिहिलायस,” ते म्हणाले. “जा आता. मी बसतो जरा.”

तिनं कागद पिशवीत ठेवला. दारापर्यंत गेली, आणि मग तिला आठवलं की मघाशी आपण बसलो होतो ती मागची खुर्ची वाटेतच राहिलीय. ती परत आली. खुर्ची उचलून, आवाज होऊ न देता, तिनं ती रेषेत लावली. आवाज झालाच थोडा. सरांनी मान तिरकी केली, ऐकलं, आणि तोंड भिंतीकडे वळवलं.